गिन्काच्या पाच ओळी

आमच्या गावात नुसतं ‘कागद’ म्हटलं तरी कसला म्हणून कुणी विचारत नाही. माणूस मेलं की काळ्या चौकटीचा कागद छापायचा. मधोमध फोटो, खाली ठळक अक्षरांत नाव, वय, आणि मग पाच ओळी. तो घराच्या फाटकावर, विजेच्या खांबांवर, बसथांब्यावर चिकटवायचा. चाळीस दिवसांनी पुन्हा, सहा महिन्यांनी पुन्हा, वर्षानं पुन्हा. त्या त्या दिवशी साखर घातलेले उकडलेले गहू शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटायचे, मेलेल्याचं नाव घ्यायचं आणि नवा कागद लावायचा. डॅन्यूब नदीच्या काठच्या या गावात आता खांबांवर जेवढे चेहरे दिसतात तेवढे रस्त्यावर दिसत नाहीत, आणि हे काही चेष्टेनं सांगत नाही.

त्या पाच ओळी नऊ वर्षं गिन्का रायचेवा लिहीत आली. आधी ती सव्वीस वर्षं सूतगिरणीत होती. गिरणी बंद पडली तेव्हा चौकातल्या पेंचोच्या छपाईच्या टपरीत तिला काम मिळालं. नोंद ना कसली, सही ना कसली. सकाळी जायचं, रडत आलेल्यांना स्टुलावर बसवायचं, पाणी द्यायचं, मेलेल्याबद्दल चार गोष्टी विचारायच्या आणि पेंचोनं फोटो कापेपर्यंत ओळी तयार ठेवायच्या. लोक ओळी वाचून आणखी रडायचे आणि म्हणायचे, ‘अगदी असाच होता गं आमचा.’ गिन्का मान हलवायची. बायको बडवणाऱ्यांनाही तिनं ‘प्रेमळ’ लिहिलं होतं. काय करणार? टपरीत येऊन कुणी खरं थोडंच सांगतं.

आता टपरीही बंद व्हायची होती. पेंचोचा बाडबिस्तरा महिन्याअखेरी लेकीकडे जर्मनीला चालला होता.

‘‘माणसं मरायची थांबली का काय, भाऊ?’’ गिन्कानं विचारलं.

‘‘माणसं मरतायत गं भरपूर,’’ पेंचो म्हणाला. ‘‘कागद चिकटवायला मागं कुणी राहिलं नाही.’’

गिन्काचं वय त्रेपन्न. मूलबाळ नाही. नवरा मेतोदी पूर्वी नदीवर मालवाहू बार्ज चालवायचा, आडदांड माणूस, गावभर आवाज ऐकू जायचा. दोन वर्षांपूर्वी त्याच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली आणि उजवी बाजू लुळी पडली. बोलणंही गेलं. एकच शब्द उरला, ‘बरं’. भूक लागली तरी बरं, दुखलं तरी बरं, रडू आलं तरी बरं. ते बरं कुठलं आहे हे गिन्काला सुरावरून कळायचं, दुसऱ्या कुणाला नाही.

अशात गिरणीच्या रिकाम्या इमारतीत परदेशी कारखाना आला. मोटारींच्या वायरींचे जुडगे बांधायचं काम, बारा बायका घेणार, सकाळी सहा ते दुपारी दोन. गिन्काच्या घरापासून चालत दहा मिनिटं. दहा वाजता शेजारीण मेतोदीला एकदा डोकावून बघणार होती, दोन वाजता गिन्का घरी. हे जमलं तर देवच पावला. नाही जमलं तर गावातल्या बाकीच्या बायका करतात तेच करायचं: इटलीला जायचं आणि परक्या म्हाताऱ्यांना न्हाऊमाखू घालायचं. मग मेतोदी सरकारी आश्रमात, डोंगरात, साठ किलोमीटरवर. तिसरा रस्ता नव्हता, आणि हे गिन्का रोज रात्री अंथरुणावर पडल्यावर नव्यानं शोधून काढायची, जणू तिला माहीतच नव्हतं.

रोजगार कचेरीनं अर्ज केलेल्या बायकांना एक दिवस बोलावून शिकवणी दिली. शिकवणारा कालोयान नावाचा पोरगेलासा साहेब होता, त्याच्या टायवर बदकं होती.

‘‘मुलाखतीत पहिलं वाक्य असतं, स्वतःबद्दल सांगा,’’ तो म्हणाला. ‘‘तिथंच निम्मा निकाल लागतो. दोन मिनिटं. तुम्ही कोण, काय केलंत, काय हवंय. घरची रडगाणी नकोत. नवरा आजारी आहे, छप्पर गळतंय, हे तिथं काढायचं नाही. कळलं का मावशी?’’

त्यानं बघितलं ते नेमकं गिन्काकडेच. तिनं वहीत लिहिलं, ‘नवरा काढायचा नाही.’

टपरीवर आल्यावर तिनं पेंचोला सांगितलं की आपल्याला हे जमायचं नाही. पेंचो तोंडातली सिगारेट न काढता हसला.

‘‘नऊ वर्षं अख्ख्या गावाची ओळख तू करून दिलीस. तुझी स्वतःची दोन मिनिटं तुला जड जातायत होय?’’

‘‘ते मेलेले होते, भाऊ.’’

‘‘मग तर जिवंताचं सोपं. मध्ये मध्ये बोलायला नातेवाईक नसतात.’’

हे तिला पटलं. खरोखरच पटलं. त्या संध्याकाळी तिनं मेतोदीला सूप भरवलं, त्याचं तोंड पुसलं, आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी वही घेऊन बसली. हात आपोआप चालला. नऊ वर्षांची सवय, अडतोय कशाला. दहा मिनिटांत झालं. मग तिनं चष्मा वर सरकवला आणि नवऱ्याला वाचून दाखवलं:

‘‘गिन्का रायचेवा, वय त्रेपन्न. सव्वीस वर्षं सूतगिरणीत इमानानं राबली. हातचं काम कधी अर्धं सोडलं नाही. कुणाचं मन कधी दुखावलं नाही. स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही. आजपर्यंत कुणावर भार झाली नाही.’’

मेतोदी खिडकीजवळ खुर्चीत होता. त्यानं डावा हात उचलला आणि खुर्चीच्या दांडीवर आपटला. त्याचं तोंड वाकडं झालं, मानेच्या शिरा फुगल्या, आणि त्यातून स्वच्छ शब्द बाहेर आला.

‘‘नाही.’’

गिन्काच्या हातातली वही खाली पडली. दोन वर्षांत ‘बरं’शिवाय पहिला शब्द. तिनं त्याचे गाल दोन्ही हातांत धरले. ‘‘पुन्हा म्हण रे. पुन्हा म्हण.’’

‘‘नाही,’’ मेतोदी म्हणाला. त्यानं टेबलाकडे बोट केलं. ‘‘नाही. नाही.’’

ती रडत हसत जिना उतरून शेजारणीला सांगायला गेली, डॉक्टरला फोन केला, मेतोदीला आवडतो तो मधाचा केक करायला घेतला. आपला नवरा बोलला याच्या आनंदात तो कशाला नाही म्हणाला हे बघायचं राहूनच गेलं.

मुलाखती गिरणीच्या जुन्या खाणावळीत होत्या. सव्वीस वर्षं गिन्कानं तिथं दुपारचं सूप प्यायलं होतं. भिंतीला नवा पांढरा रंग दिला होता, पण फरशीवर वाढपाच्या गाड्यांच्या चाकांचे चरे तसेच होते. बाहेर नव्वद बायका होत्या. गिन्कानं लग्नातली निळी पिन लावली होती, केस रंगवले होते, आणि ओळी घोकून घोकून तोंडपाठ केल्या होत्या.

टेबलापलीकडे एकच तरुण बाई होती, दिलियाना तिचं नाव. तिशीची असेल. राजधानीतून आली होती, पण आवाजात नदीकाठचा हेल होता.

‘‘बसा मावशी. स्वतःबद्दल सांगा.’’

गिन्कानं हात मांडीवर ठेवले आणि सांगितलं. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. ‘कुणाचं मन कधी दुखावलं नाही’ इथं दिलियानाचं लिहिणं थांबलं. ‘भार झाली नाही’ इथं तिनं पेन खाली ठेवलं.

‘‘हे तुम्ही कुठून घेतलंत?’’

‘‘मीच लिहिलंय.’’

‘‘नाही, म्हणजे हे शब्द. माझी आजी तीन वर्षांपूर्वी वारली, इथलीच होती, गिरणी रस्त्यावरची. तोत्का मारिनोवा. तिच्या कागदावर हेच होतं.’’

आणि इथं गिन्कानं चूक केली. तिला वाटलं आपलं नशीब उघडलं. ओळख निघाली, ओळखीवर तर आमच्याकडे सगळं चालतं. तिचा चेहरा फुलला. ‘‘तोत्काबाई! जांभळ्या शालीचा फोटो. तो कागद मीच लिहिला, बाळ. तुझी आई स्टुलावर बसली होती, मी तिला पाणी दिलं.’’



‘‘आईनं तो कागद काचेत घालून ठेवलाय,’’ दिलियाना म्हणाली. ‘‘आम्ही म्हणतो, बघा, आजी पाच ओळींत कशी धरलीय. आणि ते सगळ्यांनाच लिहिता तुम्ही?’’

‘‘सगळ्यांना नाही,’’ गिन्का म्हणाली. तिचे कान गरम झाले. ‘‘चांगल्या माणसांना.’’

‘‘माझी आजी भांडकुदळ होती हो. दर रविवारी कुणाशी तरी भांडायची. आणि मागायची पण. मरायच्या आदल्या दिवशी तिनं माझ्याकडे लाल नेलपॉलिश मागितलं.’’ दिलियानानं डोळे पुसले नाहीत, पण पेन उचलायला तिला वेळ लागला. मग ती पुन्हा साहेबीण झाली. ‘‘असो. हे सगळं झालेलं झालं, मावशी. पुढचं सांगा. तुम्हाला ही नोकरी का हवीय? तुम्हाला काय हवंय?’’

गिन्कानं तोंड उघडलं. आत काहीच नव्हतं. पाच ओळींत ही ओळच नव्हती. तिला मेतोदी आठवला, दुपारी दोनला दाराकडे वळणारी त्याची मान आठवली, पण वहीत लिहिलेलं होतं, नवरा काढायचा नाही.

‘‘मला काही नको,’’ ती म्हणाली.

‘‘काहीच नको?’’

‘‘काही नको. मी कधी काही मागत नाही.’’

‘‘कळवतो आम्ही,’’ दिलियाना हळू आवाजात म्हणाली, आणि दाराकडे बघून पुढचं नाव पुकारलं.

त्यांनी कळवलं नाही. गिन्कानं पंधरा दिवस फोन उशाशी ठेवला. सोळाव्या दिवशी गल्लीतल्या एका बाईच्या अंगावर कारखान्याचा करडा झगा दिसला, तेव्हा तिनं फोन कपाटात ठेवून दिला. मेली ती दिलियाना वाईट नव्हती, हेच गिन्काला जास्त लागलं. वाईट असती तर चार शिव्या तरी देता आल्या असत्या.

दर बुधवारी चौकात स्वेत्लाची मिनीबस उभी राहायची. स्वेत्ला बायकांना इटलीला न्यायची, तिथल्या घरांशी गाठ घालून द्यायची. तिला प्रत्येकीचा फोटो आणि चार ओळींची ओळख लागायची, त्या घरच्यांना वाचून दाखवायला. गिन्का पेंचोच्या टपरीत गेली. शेवटचा आठवडा होता, अर्धं सामान खोक्यांत भरलेलं. पेंचोनं तिचा फोटो मधोमध बसवला, खाली नाव, वय, आणि त्याच पाच ओळी.

‘‘चौकट काढ की, भाऊ.’’

‘‘चौकटीशिवाय कागद उघडा दिसतो गं,’’ पेंचो म्हणाला. त्याला दुसरं काही येतच नव्हतं. काळी चौकट त्यानं जरा बारीक केली आणि दोन प्रती काढल्या.

स्वेत्लानं बसच्या बॉनेटवर कागद ठेवून कात्रीनं चौकट कापून टाकली आणि वाचायला लागली. वाचता वाचता तिच्या भुवया वर गेल्या. ‘‘बये, बारा वर्षं मी हा धंदा करतेय. असं कुणी लिहून दिलं नाही. काही मागत नाही, कुणावर भार नाही, काम अर्धं सोडत नाही. हे वाचल्यावर तर उड्या पडतील तुझ्यावर.’’

पडल्याच. शुक्रवारी इटलीतल्या मोदेनाहून निरोप आला की एका घरानं गिन्काला न बघताच पसंत केलं. म्हातारी ब्याण्णव वर्षांची, अंथरुणाला खिळलेली. ज्या पाच ओळींनी गावातली नोकरी घालवली त्यांनीच परदेशातली मिळवून दिली, आणि गिन्काला याचं हसू यावं का रडू हे कळेना.

मेतोदीला तिनं आश्रमात नेऊन पोचवलं. खोलीत आणखी दोघे, खिडकीतून डोंगर दिसायचा, वास यायचा तो यायचाच. दुसरी प्रत तिनं त्याच्या उशाशी भिंतीला चिकटवली. दुसरा चांगला फोटोच नव्हता तिच्याकडे. ‘‘रोज माझं तोंड बघत जा,’’ ती म्हणाली. ‘‘वर्षाचं काय, हां हां म्हणता जाईल.’’ मेतोदी कागदाकडे बघत होता. ‘‘नाही,’’ तो म्हणाला. तिला वाटलं, तो तिला जाऊ नको म्हणतोय. तेही होतंच म्हणा त्यात.

मोदेनात तिला रविवारी दुपारी दोन तास सुट्टी मिळायची. मेतोदीला मोबाइल धरता येत नव्हता, म्हणून ती आश्रमाच्या फोनवर करायची. तिथली जुनी परिचारिका स्तांका चांगली बाई होती, गिन्काला ओळखत होती, फोन त्याच्या कानाशी नेऊन धरायची. पण हिवाळ्यात स्तांकाची बदली झाली. नंतर दोन महिने रविवारी फोन नुसता वाजायचा, उचलायला माणूस नाही. मार्चमध्ये एकदाचा कुणीतरी उचलला. आवाज नवा होता.

‘‘मेतोदी रायचेव यांना द्या हो. मी त्यांची बायको.’’

 पलीकडचा आवाज कडक झाला. ‘‘त्यांची बायको वारलीय.’’

‘‘काय म्हणालात?’’

‘‘लाज वाटू द्या जरा. रोज येतात असे फोन, मी बायको, मी मुलगी, आणि मग म्हाताऱ्यांना लुबाडायचं. यांच्या खोलीतच उभी आहे मी, यांच्या बायकोचा कागद भिंतीला लावलाय माझ्यासमोर. काल मेलेल्यांचा शनिवार होता, कुणी नातेवाईक फिरकलं नाही म्हणून आम्हीच गहू उकडले. त्यांच्या हातानं तिच्या नावाचे वाटले अख्ख्या मजल्यावर.’’

गिन्का मोदेनातल्या त्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकली. 

‘‘तो काही म्हणाला नाही?’’ तिनं विचारलं.

‘‘म्हणाले ना. नाही, नाही, नाही. वाडगा उडवून दिला दोनदा. आम्हाला वाटलं, बिचाऱ्याचं मन अजून मानत नाही. शेवटी मीच त्यांचा हात धरून वाटले.’’

तेव्हा कुठे गिन्काला ती संध्याकाळ आठवली. खुर्चीच्या दांडीवर आपटलेला हात. टेबलावरच्या वहीकडे केलेलं बोट. दोन वर्षं मुकी जीभ त्यानं ओढून ताणून एका शब्दासाठी हलवली होती, आणि ती मधाचा केक करत बसली होती. अख्ख्या गावात त्या एकट्यानं ओळखलं होतं की त्याची बायको स्वतःच्या हातानं स्वतःचा कागद लिहून बसलीय. काल त्यानं तिच्या नावाचे गहू हातात धरले होते, आणि त्याच्याजवळ सांगायला तो एकच शब्द होता.

‘‘ठेवते मी,’’ परिचारिका म्हणाली.

‘‘थांबा. मी गिन्का. गिन्का रायचेवा, वय त्रेपन्न, सव्वीस वर्षं सूतगिरणीत...’’

‘‘हे मलाही इथून वाचता येतं, बाई.’’

 शेजारच्या खोलीत म्हातारी खोकत होती.

‘‘मग जे लिहिलेलं नाही ते ऐका,’’ ती म्हणाली. तिचा आवाज चढला, आयुष्यात पहिल्यांदा कुणा अनोळखी माणसावर चढला. ‘‘दुधात पाव कुस्करून देता ना त्याला? साखर घालता. तो थुंकतो. त्यात चीज घालायचं, खारट, मग खाईल. डावा कान गेलाय, उजव्या कानाशी बोला. मांडीला भाजल्याचा डाग आहे, तो माझ्या हातून सांडलेल्या तेलाचा आहे, मी त्या दिवशी रागानं भांडं आपटलं होतं. मी दुखावलंय त्याला. मी कधी कुणाला दुखावलं नाही हे खोटं आहे. मी आळशी आहे, मला सकाळी उठायला नको वाटतं. मी बार्जवरच्या एका बाईवरून त्याच्याशी वर्षभर बोलले नव्हते. तो कागद फाडा. आधी फाडा.’’

 पलीकडून चपला घासत गेल्याचा आवाज आला, मग भिंतीवरून कागद टरकन ओढल्याचा. मग श्वास. तो श्वास ती हजारांत ओळखली असती.

‘‘मेतोदी,’’ ती म्हणाली. ‘‘मी आहे. ऐकतोस?’’

श्वास जोरात झाला.

त्या पांढऱ्या खाणावळीत दिलियानानं विचारलेला प्रश्न अजून तसाच पडलेला होता. आता विचारणारं कुणी नव्हतं, आणि द्यायला कुणाकडे नोकरीही नव्हती. स्वेत्लाच्या करारावर वर्षाची सही होती, अजून सात महिने होते, आणि गावात परत जाऊन खायचं काय हे पहिल्यासारखंच होतं.

‘‘मला घरी यायचंय,’’ गिन्का म्हणाली. ‘‘मला काही नको असं नाही. मला हे हवंय. मला घरी यायचंय रे.’’



‘‘बरं,’’ मेतोदी म्हणाला.

हे बरं कुठलं होतं ते तिला कळलं. शेजारच्या खोलीतून म्हातारीनं काठी आपटली, एकदा, मग दुसऱ्यांदा. गिन्कानं फोन कानाला तसाच धरून ठेवला.